एवढा एक प्रोग्राम

पुंता आरेनासचे पेंग्विन समोरच्या बेटावर असतात,
सप्टेंबरात येतात, एप्रिलला निघून जातात.
आमच्या घरातला मात्र बारमाही.
एलेउतेरिओच्या पडद्यावर तो
पोट सुटलेल्या पाद्र्यासारखा बसलेला असतो.

चौदा वर्षं झाली त्याला.
जुनी खिडक्यांवाली व्यवस्था पुसून टाकताना
नवरा म्हणाला होता, "एर्सीरा, आजपासून
या घरात कुणाच्या मेहरबानीवर काही चालणार नाही."
मी म्हटलं, मग शेगडीचा तो बर्नर तेवढा बघ.

आणि खरंच, चाललं सगळं.
हिशेब, पेन्शनचे कागद, नातीचे फोटो,
प्रिंटरसुद्धा. त्याला तीन आठवडे लागले,
त्या तीन आठवड्यांत आम्ही एकमेकांशी बोललो नाही,
पण चालला.
लोक मोठमोठी नावं घेऊन विचारायचे,
फोटोवाल्यांचं ते आहे का, इंजिनियरांचं ते आहे का,
हा म्हणायचा, त्याच्यासारखं दुसरं आहे.
त्याच्यासारखं दुसरं
हे आमच्याकडचं रोजचं जेवण.

मग कान गेले.
एकतीस वर्षं सामुद्रधुनीतल्या बोटीवर
इंजिनाच्या कुशीत उभा होता,
जायचेच होते.
दवाखान्यानं दोन यंत्रं दिली, शेंगदाण्याएवढी,
आणि ती जुळवायचा प्रोग्राम
फक्त त्या दुसऱ्या व्यवस्थेवर चालतो.
ह्याच्यासारखं दुसरं नाही.

रात्र रात्र शोधलं त्यानं.
कंपनीला अकरा पत्रं लिहिली.
उत्तर एकदाच आलं:
आपल्यासारखे ग्राहक फार थोडे आहेत.
ते त्यानं छापून घेतलं, त्याच प्रिंटरवर,
आणि फ्रिजवर लावलं, विजेच्या बिलाशेजारी.

हवंय काय, तर वारा.
यंत्र वाऱ्याला गोंगाट समजतं,
आला की दाबून टाकतं.
इथे झाडं वाकडीच वाढतात,
चौकात दोर बांधावा लागतो म्हाताऱ्यांना धरायला,
आणि ह्याच्या कानात कापूस.
अंगणात उभा असतो, टोपी उडून शेजारच्या कुंपणात जाते,
तरी मला विचारतो, सुटलाय का गं?
हाच माणूस एके काळी नुसत्या शिट्टीवरून सांगायचा,
आज बोट निघेल की नाही.

"कान माझे," तो म्हणतो, "किल्ली सान्तिआगोला."
किल्ली महिन्यातून एकदा विमानानं येते,
फ्रेसिया नावाची पोरगी, खांद्याला लॅपटॉप.
जूनमध्ये बर्फामुळे विमान उतरलंच नाही.
जुलैत आली.
तो तिच्या खांद्यावरून बघत होता,
खिशात पैसे नसलेला माणूस
खाणावळीच्या काचेतून बघतो तसा.
"वारा तीन घरं वर," म्हणाला.
ती म्हणाली, असं कुणी मागत नाही आजोबा,
सगळे कमीच करून घेतात.
एक क्लिक.
तो उठला. दार उघडून
स्वेटर न घालता पायरीवर उभा राहिला.
मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही.
काही वेळा पाहू नये.

आता महिना झाला.
जेवताना, कपडे वाळत घालताना, बँकेच्या रांगेत
त्याला वारा ऐकू येतो.
मी ओरडते, सूप निवतंय!
तो मान डोलावतो. "हो, नैऋत्येचा आहे."

काल तो झोपल्यावर त्याच्या खुर्चीत बसले,
समोर पाद्री, पोट काढून.
एका बोटानं लिहिलं, बारावं पत्र:
तुमचा प्रोग्राम आमच्याकडे चालेल असं बघा.
फार काही छेडायचं नाही.
वारा जिथे आहे तिथेच राहू दे,
मला फक्त मी
एक घर वर करायचेय.