उभं पेव

मिस डनबार हरिपूरला एकदाच आल्या,
टांग्यातून, मांडीवर छत्री आडवी धरून.
हळदीचं पेव फोडायचं काम चाललं होतं.
हैबती तोडकरानं तोंडावरची माती खरवडली,
आणि दोरीला बांधून आधी कंदील खाली सोडला.
विझला.
"आज नाही," म्हणाला. "आत मेलेली हवा आहे."

बाईंनी दोनदा विचारून घेतलं :
एवढी हळद, आणि जमिनीच्या पोटात?
मग म्हणाल्या, आमच्याकडे पेव उभं असतं.
लाकडाचं, देवळाच्या शिखराहून उंच,
दहा मैलांवरून आधी ते दिसतं, गाव नंतर.
मी हसले. वाटलं, मराठी चुकलं त्यांचं.

मी राहेल उमाप, वय एकोणीस,
मिरजेच्या मिशन दवाखान्यात शिकाऊ नर्स.
साल पस्तीस.

बाईंचा भाऊ अँगस पेन्सिलीनं लिहायचा,
कागदाच्या दोन्ही बाजू, मग समासात आडवं.
पत्र उघडलं की घडीतून धूळ सांडायची,
बारीक, राखाडी. बाई ती लगेच पुसायच्या नाहीत.
गहू कापायच्या मजुरीइतकेही पैसे
गहू विकून येईनात. उभी पेवं भरलेली, आणि
गावात पोरं सलगमावर जगत होती.
पेट्रोल परवडेना म्हणून लोकांनी मोटारींची
इंजिनं काढली, पुढं घोडी जुंपली,
आणि त्या गाडीला पंतप्रधानाचं नाव ठेवलं.
मी म्हटलं, म्हणजे पंतप्रधानाला नावं ठेवली.
हा फरक समजावण्यात अख्खी रात्रपाळी गेली.
पहाटे एकट्याच हसल्या, औषधाच्या खोलीत.

मिशननं त्यांचाही पगार दोनदा कापला होता.
पण एक गोष्ट त्या अभिमानानं सांगायच्या :
सहा वर्षांपूर्वी लंडनच्या कोर्टानं ठरवलं,
आमच्या देशातली बाई ही 'व्यक्ती' आहे.
मी पट्ट्या गुंडाळत विचारलं, मग त्याआधी काय होती?
त्या उत्तर शोधत होत्या, तेवढ्यात
अकरा नंबरच्या खाटेवरून लाभसिंग बोलला.
रेल्वेत फिटर, हर्नियाचं ऑपरेशन झालेला.
"सिस्टर, मी बारा वर्षं होतो तुमच्या मुलखात,
व्हँकूव्हरच्या लाकूडगिरणीत."
उजवा हात वर केला. बोटं तीन.
"दोन तिथं राहिली. मत मात्र नव्हतं मला.
आम्हा कुणालाच नाही.
मी कोण होतो, ते ठरवलं का कोर्टानं?"

बाईंनी त्याच्या जिभेखाली थर्मामीटर ठेवला.
तीन मिनिटं वॉर्डात कोणी बोललं नाही.
ताप नव्हता.

ऑगस्टात पत्र आलं, अक्षर ओळखू येईना.
शेत बँकेनं घेतलं होतं. अँगस छावणीत गेला होता,
दिवसाला वीस सेंट, रस्ता खणायचा.
मग हजारभर पोरं मालगाडीच्या टपावर चढली,
राजधानीत जाऊन काम मागायला.
रेजायनात अडवली. त्यांच्या देशाच्या वाढदिवशीच
पोलीस चौकात घुसले.
खाली लिहिलं होतं :
मनगट मोडलंय, हे डाव्या हातानं लिहितोय,
आईला सांगू नकोस.

त्या रात्री बाईंनी मला लाभसिंगचा पत्ता विचारला.
त्याला घरी जाऊन महिना झाला होता.
रेल्वे चाळ, शेवटची खोली, चिखल घोट्यापर्यंत.
मी कंदील घेऊन पुढे, त्या मागे,
पत्र एप्रनच्या खिशात, वरून हात दाबलेला.
काय बोलायचं ठरवलंय, मी विचारलं नाही.
त्यांनाही माहीत नसावं.

दार उघडंच होतं. आत काळोख.
माझा हात आपोआप पुढे झाला,
आधी कंदील आत धरला.
जळत राहिला.
आतून आवाज आला,
"चहा घेणार, सिस्टर? साखर मात्र नाही."