कच्चे टाके

कुओपिओत फेब्रुवारीत शेडचं दार उघडत नाही,
आधी फावड्यानं बर्फ ओढावा लागतो.
आत गाडी: छत चार बोटं कापून खाली आणलेलं,
इंजिन भलत्याच गाडीचं,
आणि सीटच्या जागी बिअरचा उलटा क्रेट.

क्रेटवर बसून मी तीन रविवार गाडी चालवली.
जागच्या जागी. झाडूचा दांडा धरून.
गुडघा कुठे अडतो, क्लचला पाय पोचतो का,
खडूनं खुणा.

मग पुठ्ठ्याचे साचे, मग चौकोनी पाइप,
भंगारातल्या साबचे सरकते रूळ.
तळाचा पत्रा कागद झालेला.
खालून जाड पट्टी दिल्याशिवाय बोल्ट आवळू नकोस,
सीटसकट उडशील,
असं बाप म्हणायचा. त्याची गाडी कधी शेडबाहेर आली नाही.

इर्याला हाक मारली.
ब्रेडच्या सुरीनं फोम कापून
तिनं राखाडी लोकरी कापड
कच्च्या टाक्यांनी धरलं होतं.
सीटचे पायही मी तसेच धरलेले,
वेल्डिंगच्या चार ठिपक्यांवर.

बसली. छान झालंय म्हणाली.
उठताना दाराची कड धरली,
मग छताची,
शेवटी माझं मनगट.
खुब्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं.
मी खडूच्या खुणा बघत राहिलो,
सगळ्या माझ्याच मापाच्या.

ती घरात गेल्यावर ग्राइंडर लावला.
तिची बाजू अडीच बोटं वर घेतली.
आता बाहेरून गाडी वेडीविद्री दिसते,
एक डोकं बुडालेलं, एक छताला टेकलेलं.

पक्कं वेल्डिंग अजून केलेलं नाही.
तिला परत एकदा बसवून बघायचंय,
टोपी घालून.