गोदाम क्रमांक दोन

मार्चमधल्या एका सोमवारी बाकीझिओ मेलोनी
दवाखान्याच्या दारात उभा राहिला,
डोळे जुन्या चीजसारखे पिवळे.
म्हणाला, सिस्टर, काही नाही, जरा थकवा.
मग दार लोटून घेत, हळूच:
लघवी काळी होतेय. कोऱ्या कॉफीसारखी.

बाकल्याच्या शेंगा खाल्ल्यास?
त्याला रागच आला.
सहा वर्षांचा असताना मूठभर शेंगांनी मरता मरता वाचलेला,
तेव्हापासून फुलोऱ्यातल्या शेताला
लांबचा वळसा घालून कामावर येणारा माणूस.
आमच्या सार्डिनियात अशी वळसेवाली माणसं खूप.

मग मीच त्याच्याबरोबर गोदामात गेले.
छतापर्यंत लोकरीचे गठ्ठे,
प्रत्येक थरात पसापसा डांबरगोळ्या.
खिडकी एकच. तिलाही खिळे.
लोकरीला कसर लागू नये म्हणून.
आणि ज्याच्या रक्तातच कसर
त्यानं तिथे आठ तास श्वास घ्यायचा, दीड महिना.

दुपारी हजेरीपत्रकाच्या पाठीवर काढून दाखवलं:
पुरुष चौकोन, बाई वर्तुळ.
हा तू. चौकोन गिरवला, पेन्सिलीचं टोक मोडलं.
ही आई, वर्तुळ, मध्ये ठिपका.
तिच्याकडे एक्स दोन, एक धड, एक उसवलेला.
तुला कुठला द्यायचा हे तिनं पाहून दिलं नाही,
कुणीच पाहून देत नाही.
तुझ्या भावाला धड आला, तो शेंगा खातो.
तुझ्याकडे एकच एक्स, तो तुझ्या मुलीला जाणार,
तिच्या वर्तुळात ठिपका पक्का.
मुलगा सुटला. त्याला तू वाय दिलास.

कागदाकडे बघत बसला.
मग म्हणाला, आईला यातलं काही सांगू नका.
आधीच तिला वाटतं सगळं तिच्यामुळे झालं,
बाबांची दारू धरून.

कारखान्यातल्या तीनशे बारा जणांची बोटं टोचली.
कालिआरीहून निकाल आले: एक्केचाळीस.
माझंही बोट टोचून घेतलं होतं,
त्याचा निकाल इथे लिहीत नाही.

देल्फिनोसाहेब स्वतः आले, खुर्ची ओढून बसले.
यादी द्या, म्हणाले. अशी माणसं घ्यायचीच कशाला,
त्यांच्याच भल्यासाठी सांगतोय.
मी म्हटलं, यादी माझ्या कपाटात, किल्ली माझ्या कमरेला.
तुम्हाला मोजायचंच असेल तर खिडकीचे खिळे मोजा.
(असं म्हणाले की नुसतं मनात म्हणाले, आता आठवत नाही.
पण किल्ली दिली नाही, हे खरं.)

आमच्या घराच्या भिंतीवर अजून पुसट अक्षरं आहेत,
डीडीटी, आणि खाली एक तारीख.
फवारणीवाले लिहून गेले ते.
त्याआधी दलदलीचा ताप घरंच्या घरं रिकामी करायचा,
आणि डॉक्टर म्हणतात, ज्यांच्या रक्तात ही उसवण
ते त्यातून जरा जास्त तगले.
आजोबांना जगवत ती आमच्यापर्यंत पोचली.
मग ताप गेला,
आणि ही बिचारी बेकार झाली,
दारोदार काम मागत फिरते,
कुठे शेंगांत, कुठे गोळ्यांत.

एप्रिलमध्ये खिळे निघाले.
डांबरगोळ्यांच्या जागी पत्र्याच्या घट्ट पेट्या येणार, म्हणे.
बाकीझिओची बदली मागांवर.
ती खिडकी उघडताना बघायला तोही आला होता.
कवाड करकरलं, वारा आत आला,
आणि वाऱ्याबरोबर
पलीकडच्या शेतातल्या बाकल्याच्या फुलांचा गोड, जड वास.

बारापैकी चौघांचे हात आपसूक नाकाकडे गेले.
फुलांच्या वासानं काही होतं की नाही,
पुस्तकांत एकमत नाही; हातांना पुस्तकं माहीत नसतात.
देल्फिनोसाहेब दारातच होते.
एकेका चेहऱ्यावर नजर थांबत होती, मोजत.

मी खिशातून रुमाल काढला, नाकाला लावला.
मग आन्तियोकोनं, ज्याचं रक्त धडधाकट,
आपली टोपी काढून तोंडावर धरली.
शिंक येत होती, असं तो नंतर म्हणाला.