पाणसळ

तळघराची जमीन उतरती आहे,
हे चौतीस वर्षं राहूनही मला ठाऊक नव्हतं.
ऑरेस्टच्या पाणसळीनं सांगितलं.
बुडबुडा रेघेत थांबेना,
पुन्हा पुन्हा भट्टीच्या बाजूला पळे.

ऑक्टोबरात तो खाणीतून सुटला.
त्यांनी दिलं एक घड्याळ, एक केक,
आणि गुडघ्याचे एक्स-रे, मोठ्या पाकिटात.
आठव्या दिवशी यॉर्कटनहून लाकूड आलं,
दोन बाय चारच्या बावीस पट्ट्या.
एकेक डोळ्याशी धरली त्यानं बंदुकीसारखी,
आणि सहा परत पाठवल्या, वाकड्या म्हणून.

‘सातशे लिटर,’ म्हणाला,
‘शिवाय काच, वाळू, खडक. टनाच्या आसपास.’
‘आणि मासे किती?’
‘मासे नंतर.’

मग करवत, गुण्या, सरस, तीन इंची स्क्रू.
माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर भुसा.
उभा दांडा थेट आडव्याच्या खाली हवा,
म्हणजे वजन लाकडातून जमिनीत जातं,
स्क्रूवर नाही.
हे मला चार वेळा सांगितलं
लग्नात जेमतेम दोन वाक्यं बोललेल्या माणसानं.
चारी पायांखाली पाचरी मारल्या,
तरी एक कोपरा पत्त्याच्या जाडीइतका खाली.
त्यानं खरंच पत्ता सरकवला. चौकट सत्ती.
तेव्हापासून आमचा रविवारचा डाव
एक्कावन्न पानांचा.

काच उचलायला जुन्या पाळीतले पाच जण आले.
जिन्याच्या वळणावर ड्वेननं जे शब्द काढले
ते भिंतीला अजून चिकटलेले असतील.

आणि मीठ आलं बादलीतून, नव्वद डॉलरचं.
मी हसले. हसू नये तर काय करावं?
आमच्या चुलीखाली हजार मीटरवर
एक आख्खा समुद्र वाळून पडलाय, गुलाबी;
बत्तीस वर्षं यंत्राच्या दातांनी
हा माणूस तोच खरवडत होता.
तो हसला नाही.
पाणी ढवळता ढवळता बोट बुडवलं, चाटलं.
‘खालचं कडू असायचं,’ म्हणाला.
खाल्ल्या मिठाला जागणं मी ऐकलं होतं,
ते असं दिसतं हे पहिल्यांदा पाहिलं.

रोहेलिओ एकटाच समुद्राकाठी वाढलेला, इलोइलोचा.
त्यानं काचेवर वाकून वास घेतला.
‘अजून समुद्र नाही. रस्सा आहे.’

मग वाट पाहणं.
रोज संध्याकाळी इवल्या नळ्यांत थेंब, रंगांचा तक्ता,
पिवळं, हिरवं, मग जांभळं.
माझ्या वहीच्या मागच्या पानावर, किराण्याच्या यादीशेजारी,
अमोनिया.
वाळूवर तपकिरी साय आली, गेली.
बाहेर उणे अडतीस. गाडीची बॅटरी दोनदा मेली.
आणि हा खुर्ची टाकून समोर,
काहीही नसलेल्या पाण्याकडे बघत.
पाण्यात पाहणं म्हणजे मत्सर, असं म्हणतात ना?
खरं सांगते, जानेवारीत मी त्या पाण्याला
पाण्यात पाहत होते.

वादळात अकरा तास वीज गेली.
आईची गोधडी त्यानं न विचारता
काचेभोवती गुंडाळली.
बॅटरीवरचा छोटा पंप रात्रभर फुरफुरत राहिला,
आम्ही दोघं कोट घालून शेजारी.
कुणासाठी? आत एक जीव नाही.
मी हे बोलले नाही.

तो घोरायला लागला तेव्हा
मी गोधडीचं टोक उचलून टॉर्च मारला.
खडकाच्या भोकातून
काहीतरी केसाएवढं बाहेर आलं होतं,
टोकाला पिसांचा झुबका, लालसर.
उघडला. थांबला. उजेड लागताच आत.

कुणी मागवलं नव्हतं ते. यादीत नव्हतं.

टॉर्च विझवला. ऑरेस्टला उठवावं का,
यावर बराच वेळ विचार केला,
आणि गोधडी नीट खोचली.