पाठकोरे

शिवलीला जाताना कुंडी ठेवून गेली.
तीन वर्षं वरच्या खोलीत नर्सिंग शिकली,
नोकरी लागली लातूरला.
"दोनच महिने, काका. सहजी मरत नाही हे."
नाव सांगितलं होतं झाडाचं, मी विसरलो.
ताठ पानं, कडेला पिवळा काठ,
धोतराला असतो तसा.

पहिल्या महिन्यात मी त्याला जवळजवळ मारलंच.
साखर पेठेत आमचा नळ चौथ्या दिवशी येतो,
कधी पाचव्या, रात्री अडीचला.
पिंप भरलं, घागरी भरल्या,
तरी पाणी चालूच, सोडवत नाही,
म्हणून झाडाला तांब्याभर. मग रोजच तांब्याभर.
बुडाशी एक पान मऊ पडलं,
हाताला लागलं भिजल्या पुठ्ठ्यासारखं.
पुठ्ठा मला कळतो.

चाळीस वर्षं पुठ्ठ्याला भोकं पाडली मी.
जकार्डचं काम. आधी ग्राफवर नक्षी,
एक चौकोन म्हणजे एक धागा,
मग चौकोन बघत बघत पंच.
मोर, कोयऱ्या, वेली,
आणि पानं, किती पानं,
सगळ्यांच्या कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या.
एक भोक चुकलं की तीच चूक
वीतभर अंतरावर पुन्हा,
पुढच्या चादरीत पुन्हा, गठ्ठ्यात, ट्रकमध्ये,
कुणाच्या तरी आहेरात.
एकदा मोराचा डोळा राहिला माझ्याकडून.
दोनशे आंधळे मोर हैदराबादला गेले.
शेठ ओरडला नाही.
ते अजून बोचतं.

मग कॉम्प्युटर आला. त्याबद्दल काही म्हणायचं नाही.
माळ्यावर ग्राफचे गठ्ठे राहिले,
एका बाजूला मोर, दुसरी बाजू कोरी.

अंबूबाई म्हणाली, "तहान लागू द्या की त्याला."
ती सोळाव्या वर्षापासून विड्या वळते.
पान ओलवायचं किती, हे तिच्या बोटांना ठाऊक,
पण तिची पानं वाळकी, गठ्ठ्यानं मोजलेली,
कात्रीच्या मापाची.
झाडावर कापसासारखे पांढरे किडे आले
तेव्हा सुपातला तंबाखूचा भुगा
तिनं रात्रभर भिजत घातला, गाळला,
आणि माझ्या जुन्या बनियनच्या चिंधीनं
एकेक पान पुसलं, मागून पुढून.
मी म्हटलं, "माझं कपाळ कधी पुसलं नाहीस असं."
"पुसलंय. तुम्हाला शुद्ध नव्हती."

हल्ली संध्याकाळी ऊन उतरलं
की मी झाड काढत बसतो.
आधी ग्राफच्याच बाजूनं काढलं. सवय.
पट्टी लावून मोजलं:
या पानावरचा हिरवा पट्टा त्या पानावर नाही,
त्यावरची लाट तिसऱ्यावर नाही,
एका पानाला किड्यानं भोक पाडलंय,
शेजारच्या पानात मी ते शोधत राहिलो,
नेमक्या वीतभर अंतरावर.
नव्हतं.
चूक एकदाच झाली होती, आणि तिथंच थांबली होती.

मग कागद उलटला.
चौकोन नाहीत म्हटल्यावर हात भरकटला,
रेघ कुंडीबाहेर, खिडकीच्या गजापर्यंत,
खोडरबर शोधलं, ते नातवानं नेलं होतं,
म्हणून रेघ राहिली.
अंबूबाई भाकरी थापता थापता डोकावली.
"हे काय, वारा सुटलाय का?"
सुटला नव्हता. एप्रिल होता, पत्रा तडतडत होता.

शिवलीलाचा फोन आला परवा.
दोन महिन्यांचे चौदा झालेत.
"आहे का हो ते झाड?"
मी म्हटलं आहे,
आणि पुढं काय बोलायचं ते सुचेना.
ती म्हणाली, "मग ठेवा तुम्हीच."
नाव विचारायचं पुन्हा राहून गेलं.

आज नळाचा दिवस.
जाग लवकर आली, नळ अजून नुसता फुसफुसतोय.
दिव्याखाली कागद घेतला, तारीख टाकली, लिहिलं:
पाणी दिलं नाही.
बुडातून टोक वर आलंय एक, गुंडाळलेलं,
विडीएवढं.
कडेला थोडी जागा सोडली आहे.