बिनबुडाची टोपली

वरचं तोंड अरुंद, खालचं रुंद, बूड नाहीच.
बाबा ती गुडघाभर पाण्यात चिखलावर दाबतो
आणि वरून खांद्यापर्यंत हात घालून
आत काय आलं ते चाचपतो.
बहुतेक वेळा काहीच नसतं.
मग पाऊलभर पुढे, परत दाबायची.
अर्धा मामा तलाव असाच पार होतो.

साकोलीच्या कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावर,
गळक्या नळाशेजारच्या बाकावर
मीही तेच करते. माझी टोपली तेवढी दिसत नाही.
मक्याच्या स्टार्चपासून केलेल्या साखरेच्या सात कड्या
गोल बसलेल्या, हातात हात धरून.
बाहेरून पाण्याची लाडकी,
आतून पाण्याला नको म्हणणारी पोकळी.
सायक्लोडेक्स्ट्रिन.
टेंभुर्णे सर नुसतं 'सायक्लो' म्हणतात.
बाबाला वाटलं होतं, पोरगी सायकलींवर पीएचडी करते.

आत येणारा ॲडमँटेन: कार्बनचा गच्च गोळा,
पाण्यात पडला की कुठंच न मावणारा.
त्याला कोणी ओढून आणत नाही.
पाणीच त्याला इतकं परकं करतं
की पहिलं उघडं दार त्याचं घर होतं.

गोळ्याला मी शेपूट जोडलं (चौदा महिने गेले त्यात),
शेपटीच्या टोकाला तीन नायट्रोजनचा चिमटा.
दोन चिमटे समोर आले तरी एकमेकांना धरत नाहीत,
मध्ये धातूचा कण लागतो.
टोपल्या मी पाठीला पाठ लावून जोडीनं बांधल्या.
म्हणजे टोपली, गोळा, चिमटा, धातू,
चिमटा, गोळा, टोपली, आणि पुन्हा.
जिथं एक दुसऱ्याला भेटतो तिथं पक्की गाठ नाही,
तरी साखळी.

"मंग थे तुटन नाई का?" बाबानं विचारलं.
तुटते. गरम केलं की सुटते, थंड केलं की जुळते.
"मंग बरी हाये," तो म्हणाला,
"जारं बी असंच पायजे."

सगळा पावसाळा मी जस्त वापरलं.
द्रावण पाण्यासारखंच राहिलं, पाण्यासारखंच वाहिलं.
मग एका रात्री वीज गेली, डिस्टिल्ड पाणी संपलं,
आणि मी बाटली हातपंपाच्या पाण्यानं विसळली.
सकाळी तळाशी रंग होता,
जांभूळ खाल्लेल्या जिभेचा.

"दूषित झालं," सर म्हणाले, "फेक."
मी फेकलं नाही.
आमच्या हातपंपाचा ओटा तांबडा आहे,
आईची धुतलेली पांढरी ओढणी तांबूस येते,
हंड्याच्या कडेला बोट फिरवलं तर गंज लागतो.
ग्रामपंचायतीत दोनदा अर्ज झाला या लोखंडाचा.
चिमट्यांनी मात्र त्याला एका रात्रीत ओळखलं होतं.

मग लोखंडाचा क्षार तोलून घेतला, मोजून टाकला.
नळी गडद जांभळी झाली. उलटी केली
तर आतलं खाली आलं नाही.
मी किती वेळ तशीच उभी होते,
शिपाई कोडवते येऊन म्हणाला, मॅडम, कुलूप लावाचं हाये.

साखळी किती लांब, मला माहीत नाही.
बारा जोड्यांची असेल, तीनशेची असेल.
नमुना नागपूरला गेलाय, सत्तावीस दिवस झाले,
मशीन बंद आहे म्हणतात.

एक नळी घरी आणली, रुमालात गुंडाळून.
बाबानं ती दिव्यापुढं धरली, उलटी केली, थांबला,
टोपलीत हात घातल्यावर थांबतो तसा.
"यात किती टोपल्या?"
गणती नाही.
"विनल्या कोनं?"
कोणीच नाही, बाबा. आपल्याआपण बसल्या.
त्याला ते पटलं नाही. त्याच्या बोटांवर
बांबूच्या चिरांचे पांढरे वण आहेत.
मूठ मिटून तो विचार करत बसला,
आणि मुठीच्या उबेनं आतलं सैल झालं,
काचेवरून हळूच एक ओघळ उतरला.
त्यानं घाबरून माझ्याकडे पाहिलं.

काही नाही झालं, म्हटलं.
माठाजवळ ठेव. हलवू नको.