खळ

टपाल कचेरीच्या छाटणीमागं आणखी एक खोली होती.
तिला पाटी नव्हती.
शहात्तर सालात, बेळगावात, मी तिथं
सात महिने दुसऱ्यांची पत्रं उघडली.

सर्दी झालेल्या पोराला वाफ देतात
तसं पाकीट किटलीवर धरायचं.
जीभ सुटली की विणायची सुई आत.
मग मराठीतलं कानडीत उतरायचं,
कार्बन घालून तीन प्रती.
हंचिनमनी साहेब मागं उभे राहून म्हणायचे, "बरी, बरी."
कानडीत बरी म्हणजे लिही.
मराठीत बरी म्हणजे बरी.
मी दोन्हीला मान डोलवायचो.

माझ्या वाट्याला नरहर उचगावकर,
नोकरीवरून काढलेले मास्तर, राहणार अनगोळ.
आठवड्याला एक पत्र, निपाणीच्या बहिणीला.
"हळद अजून ओलीच आहे," त्यांनी लिहिलं.
साहेबांनी हळदीखाली लाल रेघ मारली.
"वासरू आता उभं राहतं," त्यांनी लिहिलं.
वासरू कोण, यावर बेंगळूरला बैठक झाली म्हणे.
मी खुलासा दिला: वासरू म्हणजे वासरू.
त्याबद्दल मला मेमो मिळाला.

सरकारी डिंक पावसाळ्यात धरत नसे.
मी वडगावचा, विणकराच्या घरचा.
नीलव्वा ताण्यासाठी खळ शिजवायची,
तांदळाची, चिमटीभर मोरचूद टाकून.
त्यातली वाटीभर मी रोज
डब्याच्या तळाशी घालून न्यायचो.
"काय घेऊन जाऊलाय ओ रोज?"
"सरकारी काम."
"सरकार आता खळ खाऊलंय की काय?"
आणि ती मागावर बसायची,
खट्याक् खट्याक्,
मी गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत ऐकू यायचं.

श्रावणातलं एक पत्र.
सहीच्या खाली, बारीक अक्षरात:
"ताई, हल्ली माझ्या पाकिटांना खळीचा वास येतो
असं तू म्हणतेस. मलाही तुझ्या पत्रांना येतो.
तांदळाची आहे, म्हणजे वडगावची.
शहापुरात मैद्याची करतात.
शिजवणाऱ्या बाईचा हात चांगला आहे.
एका घरात अजून माग चालू आहे,
तेवढंच बरं वाटलं."

किटली उकळत राहिली.
सात महिने मी त्या माणसाच्या घरात शिरत होतो;
तो एका वासावरून
माझ्या चुलीपाशी येऊन बसला होता.

दारातनं साहेब: "एन ऐती अदराग?"
"हळद, साहेब."

त्या ओळी मी उतरवल्या नाहीत.
याला धाडस म्हणू नका.
मास्तरांना नाही, मी मला वाचवत होतो.
खळीचा हिशेब कोण देणार?
पाकीट चिकटवताना मात्र
बोट नेहमीपेक्षा जपून फिरवलं, एवढं खरं.

निपाणीलाही तशीच एक खोली होती
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
तिथल्या माणसानं सगळं उतरवलं,
खळ, वडगाव, बाईचा हात.
बेंगळूरला दोन्ही कागद शेजारी ठेवले गेले.
एकावर ओळी होत्या,
दुसऱ्यावर पांढरी जागा.

दिवाळीच्या आधी मास्तरांना हिंडलग्याला नेलं.
मला सायकल स्टँडवर नेमलं, पगार तोच.
कुणी काही विचारलं नाही.
विचारलं असतं तर बरं, असं वाटण्याइतपत
कुणी काही विचारलं नाही.

मग आमच्या गल्लीच्या तोंडाशी
एक सायकलवाला पंक्चर काढू लागला,
रोज तेच चाक.
नीलव्वानं दोनदा त्याला पाणी नेऊन दिलं.
मी काही बोललो नाही.

पौषात मेहुण्याचं पत्र आलं, हुबळीहून.
मुलगी झाली, नाव ठेवायला या.
नीलव्वा वाचून हसत आत गेली.
मी पाकीट उचललं,
उजेडाकडं धरलं,
जिभेपाशी नाक नेलं.

मैदा.